साहस शिबिराला निघण्याआधी : वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षकांची उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या निवासी शिबिरांची धावपळ सुरू होते. सह्याद्रीत मुलांना घेऊन जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने चांगले : वाटा कोरड्या, ओढे शांत आणि ऊन सोसवेल इतकं. या वेळी आलेली बहुतेक पत्रं रॅपलिंगच्या (दोरावरून कडा उतरण्याच्या) आणि व्हॅली क्रॉसिंगच्या (आडव्या दोराला लटकून दरी ओलांडण्याच्या) काळजीने लिहिलेली आहेत. काळजी रास्त आहे. पण मूल दोरावर असतं तेव्हा तीन-चार मोठ्या माणसांचे डोळे त्याच्यावर असतात. पाण्यात उतरलेल्या, रात्री एकट्याने शौचाला निघालेल्या किंवा धाप लागूनही न सांगणाऱ्या मुलाकडे तेवढे डोळे नसतात. म्हणून पाणी, रात्र आणि आजार यांवरच्या पत्रांनाही आम्ही दोराइतकीच जागा दिली आहे.

प्रश्न : आठवीच्या ६० मुलामुलींचं तीन दिवसांचं शिबिर डिसेंबरात भंडारदऱ्याला न्यायचं ठरतंय. दोन आयोजकांची दरपत्रकं आली आहेत. एकाचा दर दुसऱ्याच्या दीडपट आहे. निवड कशी करावी?
*— सहशिक्षिका, सातारा*

बाई, दर नंतर बघा. आधी दोघांनाही एकच विचारा : ६० मुलांसाठी रॅपलिंगचे दोर किती लावणार आणि प्रत्येक दोरावर प्रशिक्षक किती? एका मुलाचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, तपासून, त्याला दोरात अडकवून, खाली उतरवून मोकळं करायला सहा-सात मिनिटं जातात. एकच दोर असेल तर ६० मुलांना सहा-सात तास लागतील. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे दुपारी चारनंतर घाई सुरू होणार, तपासणी उरकली जाणार आणि चूक नेमकी तिथे होणार. ६० मुलांना किमान दोन दोर हवेत आणि प्रत्येक दोरावर तिघं : कड्यावर मुलाला तपासून अडकवणारा एक, फक्त सुरक्षा दोर म्हणजे बिले सांभाळणारा एक आणि खाली एक. दर कमी करायचा तर कात्री बहुतेक वेळा इथेच लागते.

मग कागद मागा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि त्यावर कोणकोणते उपक्रम लिहिले आहेत ते वाचा. नोंदणी ट्रेकिंगची आणि शिबिरात कयाकिंगही (वल्ह्याने छोटी होडी चालवणं), असं चालणार नाही. कड्यावर अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, लावणाऱ्या प्रमुख प्रशिक्षकाचं शिक्षण विचारा. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स हा स्वतः शिकण्यासाठी असतो. दुसऱ्यांना शिकवण्यासाठीचा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ हा कोर्स वेगळा. सगळे प्रशिक्षक तो केलेले नसतील, पण प्रमुखाने केलेला असावा.

तिसरी गोष्ट दोरांची नोंदवही. प्रत्येक दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, शेवटचा कधी तपासला हे त्यात असतं. न वापरता ठेवलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद करायचा, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. शक्य असेल तर एक दोर हातात घेऊन वीतभर-वीतभर दुमडत जा. एखाद्या जागी तो मऊ, पोकळ लागला किंवा एकदम टोकदार दुमडला, तर आतला गाभा दुखावला आहे. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडलेला दोर तर डोळ्यांना धडधाकट दिसतो, पण बॅटरीचं ॲसिड नायलॉन खाऊन टाकतं.

भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तंबूची जागा अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वन विभागाची परवानगी आयोजकाने काढली आहे का, ते लेखी घ्या. एक गाडी चालकासह रात्रभर तळावर थांबणार, हेही करारात लिहून घ्या. पालकांकडून हमीपत्रावर सही घेतली म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, या समजुतीत मात्र राहू नका.

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, अंगाने अगदी बारीक. रॅपलिंग करताना हार्नेस निसटला किंवा ती मध्येच अडकली तर काय करतात?
*— पालक, नाशिक*

बारीक अंगाच्या मुलांबाबत तुमची शंका अगदी बरोबर आहे. कमरेचा हार्नेस नितंबांच्या वर अडकून राहतो. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या सडपातळ मुलांना कंबर आणि नितंब यांत फरकच नसतो. असं मूल उलटं झालं तर हार्नेस पायांकडे सरकू शकतो. अशा मुलांना खांद्यांवरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. तो आयोजकाकडे आहे का, हे आधी फोन करून विचारा. नसेल तर तुमच्या मुलीने हा उपक्रम करू नये, इतकं स्पष्ट सांगतो.

हार्नेस घट्ट केल्यावर पट्ट्याखाली सपाट हात जावा, मूठ मात्र फिरू नये. जुन्या पद्धतीच्या बकलांत पट्टा एकदा ओवून पुन्हा उलटा फिरवावा लागतो. तो उलटा फिरवला नसेल तर वजन आलं की हळूहळू सरकतो, आणि ते वरून दिसत नाही. हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नाही.

आता अडकण्याबद्दल. सर्वांत जास्त वेळा अडकतात ते केस, त्याखालोखाल ओढणी आणि टी-शर्टची सैल कड. मूल खाली वाकून पायांकडे बघतं, वेणी पुढे येते आणि दोराबरोबर डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या धातूच्या साधनात, ओढली जाते. म्हणून केसांचा अंबाडा घालून हेल्मेटच्या आत, टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला आणि ओढणी तंबूत.

तरीही अडकलंच, तर पुढचं सगळं वरच्या बांधणीवर अवलंबून असतं. मुख्य दोर वर गाठ मारून कायमचा बांधलेला नसावा. तो अँकरवरच्या दुसऱ्या डिसेंडरमधून घेऊन कुलूपबंद केलेला असावा, म्हणजे भार असतानाही सोडता येतो. मुलीला शिवाय वेगळ्या अँकरवरचा बिलेचा दोर लावलेला असतोच. केस अडकले की प्रशिक्षक आधी बिले आवळून धरतो, मग मुख्य दोर हातभर सोडतो. मुलीचं वजन बिलेवर येतं, तिच्यासमोरचा डिसेंडर सैल होतो आणि केस हाताने सोडवता येतात. दोन मिनिटांचं काम. मुख्य दोर गाठीने बांधलेला असेल तर हेच काम अर्ध्या तासाचं होतं आणि मूल तोवर रडून दमतं. घाबरून कुणी चाकू काढू नये. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी तो तुटतो.

कड्याच्या धारेवर दोराखाली जाड गोणपाट किंवा सतरंजीची घडी आहे का, तेवढं शिक्षकांना बघायला सांगा. बेसॉल्टची ताजी धार दोराचं वरचं आवरण सोलून काढते.

प्रश्न : व्हॅली क्रॉसिंगचा दोर मधोमध बराच झोल खात होता. मुलं मध्यावर येऊन थांबत, मग त्यांना ओढून घ्यावं लागे. दोर सैल लावला होता का?
*— भौतिकशास्त्राचे शिक्षक, सोलापूर*

सर, झोल होता हे चांगलं लक्षण आहे. तुम्ही वर्गात शिकवता तोच बलांचा समांतरभुज चौकोन इथे लागू होतो. दरी ३० मीटर रुंद असेल आणि ५० किलोचं मूल मध्यावर असताना दोर तीन मीटर खाली येत असेल, तर दोरातला ताण वजनाच्या साधारण अडीचपट, म्हणजे १२५ किलो. तोच दोर इतका आवळला की झोल फक्त ६० सेंटिमीटर राहतो, तर ताण साडेबारापट, म्हणजे सव्वासहाशे किलोच्या घरात. हा ताण दोन्ही बाजूंच्या अँकरवर येतो आणि मूल हिंदकळलं की आणखी वाढतो. मूल सरसर पलीकडे जावं म्हणून दोर गाडीने किंवा दहा माणसांनी ओढून तारेसारखा ताठ केलेला दिसला, तर तो उपक्रम थांबवा. मध्यावर मूल थांबणं आणि ओढदोराने त्याला पलीकडे घेणं हीच योग्य रीत आहे. मुख्य दोर दोन हवेत, एक नाही. आणि मुलाची बोटं पुलीपाशी जाऊ नयेत म्हणून दोन्ही हात स्वतःच्या हार्नेसच्या पट्ट्यावर ठेवायला शिकवलेलं असावं.

प्रश्न : पाऊस नव्हता, तरी सकाळी तंबू आतून ओले आणि मुलांच्या पांघरुणांना ओल. तंबू खराब आहेत का?
*— शिबिरप्रमुख, कोल्हापूर*

तंबू चांगले असतील, झिपा बंद होत्या. चार मुलं रात्रभर श्वास सोडतात. त्यातून आणि घामातून लिटरभर तरी पाणी हवेत येतं. बाहेरचं कापड दवाने गार झालेलं असतं, त्यामुळे ही वाफ त्यावर पाणी होऊन ठिबकते. वरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, जाळी मात्र पूर्ण बंद. वरचं फ्लायशीट, म्हणजे हेच बाहेरचं कापड, आतल्या तंबूला चिकटलेलं नसावं, दोघांत वितीचं अंतर हवं. ते पडत नसेल तर ताणदोऱ्या नीट ओढलेल्या नाहीत. मेख तंबूपासून बाहेरच्या दिशेला कलती ठोकायची. सड्यावर कातळात मेख जात नाही, तिथे ताणदोरी जड दगडाला बांधावी आणि तो दगड दुसऱ्या दगडाने दाबावा. तळाखाली अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं आत असू द्या. बाहेर आला की दव आणि पावसाचं पाणी गोळा करून थेट मुलांच्या पाठीखाली नेतो.

जागा निवडताना नाल्याचं कोरडं पात्र आणि वाळक्या फांद्यांचं झाड टाळा. आणि सर्वांत खालच्या खोलगट जागेपेक्षा दहा-बारा फूट वर गेलात तरी थंडी कमी वाजते, कारण रात्री गार हवा उतारावरून खाली साचते. मुलांना थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. दोन पांघरुणं असतील तर एक खाली अंथरायला लावा.

प्रश्न : मुलाला दमा आहे. डॉक्टर हो म्हणतात, शाळा कचरते. पाठवावं का?
*— पालक, ठाणे*

डॉक्टरांनी लेखी हो म्हटलं असेल आणि गेल्या महिना-दीड महिन्यात रात्री खोकून उठणं किंवा दवाखान्यात भरती करणं झालं नसेल, तर पाठवावं. रोजचं औषध शिबिरातही चुकता कामा नये. मुलं मित्रांसमोर इन्हेलर घ्यायला लाजतात आणि दोन दिवस टाळतात, तिसऱ्या दिवशी त्रास होतो. तातडीचा, बहुधा निळ्या रंगाचा इन्हेलर दोन प्रतींत द्या : एक मुलाच्या कमरेच्या पिशवीत, दुसरा स्पेसरसह (इन्हेलरला लावायच्या नळीसह) सोबत चालणाऱ्या शिक्षकांकडे. बसमध्ये ठेवलेला इन्हेलर कड्यावर कामाला येत नाही. त्रास झाला तर किती पफ, किती मिनिटांनी आणि कधी दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्या. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर वाट बघायची नाही, औषध देत देतच निघायचं. शेकोटीला त्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवायला सांगा. ओल्या लाकडाचा धूर त्याला चढणीपेक्षा जास्त बाधेल.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, अजून कधीकधी अंथरूण ओलं करतो. त्यामुळे तो शिबिराला नको म्हणतो.
*— एक आई, अमरावती*

ताई, हे त्याच्या वयात बऱ्याच मुलांना होतं आणि प्रत्येक मोठ्या शिबिरात असं एखादं मूल असतंच. फक्त एका शिक्षकांना सांगा, वर्गाला नाही. संध्याकाळी सहानंतर पाणी बेताने, चहा नको, झोपण्यापूर्वी एकदा लघवीला आणि रात्री अकराला शिक्षकांनी उठवून पुन्हा एकदा. त्याला दाराजवळची जागा द्यावी. गडद रंगाची जादा पँट आणि रबरी कापड त्याच्याच स्लीपिंग बॅगेत गुंडाळून द्या. सकाळी सगळ्यांच्याच बॅगा उन्हात टाकायच्या असा नियम शिबिराने केला की त्याची एकट्याची ओली बॅग कुणाच्या नजरेत येत नाही.

प्रश्न : शेवटच्या दिवशी मुलांना धरणाच्या पाण्यात किंवा समुद्रात तासभर खेळू द्यावं, असा पालकांचाच आग्रह आहे.
*— मुख्याध्यापक, पुणे*

देऊ नये. कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या पाण्यात मुलांना घोट्यापर्यंतही उतरवू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, हे तुम्हाला आठवत असेल. पाणी उथळ दिसतं, मुलं आत चालत जातात आणि ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू घेऊन मागे ओढतं. एक बुडायला लागला की त्याला धरायला दुसरे धावतात.

धरणाच्या पाण्याचं वेगळं. काठ गाळाचा असतो, पाय रुततो आणि जुन्या नदीपात्राच्या कडेला दोन पावलांत कमरेचं पाणी डोक्यावर जातं. धरणाखालच्या नदीत तर वरून पाणी सोडलं की कोरडा खडक बघता बघता बेट होतो. कोलाडला कुंडलिका नदीवरचं राफ्टिंग (हवेच्या होडीतून प्रवाहात जाणं) असंच सोडलेल्या पाण्यावर चालतं, म्हणून ते सकाळच्या ठरावीक वेळेत होतं. तिथे नेणार असाल तर वयाची अट आधी विचारा.

कार्यक्रमात पाण्याचा उपक्रम असेलच तर लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं हवं. जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून मुलाला वर उचला. जॅकेट हनुवटीवर, कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. मुलांच्या जोड्या लावा आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून प्रत्येकाला आपल्या जोडीदाराचा हात वर धरायला लावा. डोकी मोजण्यापेक्षा ही पद्धत खात्रीची आहे.

प्रश्न : ६० मुलं आणि दहा मोठी माणसं. शिधा आणि पाणी किती न्यावं?
*— स्वयंपाकाची व्यवस्था पाहणारे शिक्षक, लातूर*

पिण्याचं पाणी दिवसाला माणशी चार लिटर धरा, म्हणजे २० लिटरचे १४ जार. भांडी, हातपाय आणि शौचालयासाठी टँकर वेगळा. नाश्त्याला पोहे माणशी ८० ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलो, कांदे दोन किलो, शेंगदाणे पाऊण किलो. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा आणि असेल तर शेंगदाणे वगळूनच सगळे पोहे करा. रात्रीच्या खिचडीला तांदूळ सव्वापाच किलो आणि मूगडाळ अडीच किलो. उंचावर पाणी थोड्या कमी तापमानाला उकळतं, तूरडाळ शिजायला वेळ खाते आणि गॅसही. मूगडाळ बरी. दोन शेगड्यांना तीन दिवसांसाठी १९ किलोच्या दोन टाक्या पुरतात.

डब्यात बटाट्याची भाजी देऊ नका, दुपारच्या उन्हात ती आंबते. धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि काकडी हे तुमच्याकडचंच खाणं डोंगरावर सर्वांत टिकतं. शिजलेला भात दोन तासांहून जास्त कोमट ठेवू नका आणि उरलेली खिचडी सकाळी परतून वाढू नका. परतल्याने त्यातलं विष जात नाही. मुलांना जुलाब होतात ते मात्र जेवणापेक्षा हातांमुळे जास्त. साबण आणि पाण्याचा नळ शौचालयाच्या दाराशीच हवा. जेवणाच्या मंडपाशी ठेवलेल्या साबणापर्यंत मुलं जात नाहीत.

प्रश्न : आमच्या भागात आग्या मोहोळं आहेत, साप आहेत आणि माकडतापाचीही भीती. शिबिर कसं घ्यावं?
*— शिक्षिका, सिंधुदुर्ग*

आग्या मोहोळ ज्या कड्यावर दिसेल तिथे दोरांचा उपक्रम लावूच नये. धूर, अत्तर, डिओडरंट आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात न झटकता, तोंड कापडाने झाकून सरळ लांब पळायचं. पाण्यात उडी मारायची नाही. काटा नखाने, जसा निघेल तसा, पण लगेच काढायचा. तोंड सुजलं, श्वास लागला किंवा डंख पुष्कळ असतील तर १०८ ला फोन करा.

सापांपैकी रात्री झोपलेल्या माणसाला चावतो तो बहुधा मण्यार. त्याचा दंश दुखत नाही आणि खूणही दिसेलच असं नाही. म्हणून उघड्यावर झोपणं बंद, झिपा बंद, बूट झटकून घालायचे आणि तंबूत खाऊ ठेवायचा नाही. खाऊमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणालं आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर अपचन समजून झोपवू नका, दवाखान्यात न्या. दंशाच्या वर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि मुलाला चालू न देता उचलून न्यायचं. सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे, हे शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. फुरसं तुमच्याकडे सर्रास आहे, तेव्हा दगड उलटण्याचे खेळ घेऊ नका.

माकडताप गोचिडांमुळे पसरतो. दोडामार्ग आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत जानेवारीनंतर त्याचे रुग्ण सापडत आले आहेत. शिबिर डिसेंबरच्या आत उरका आणि जागा ठरवण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. त्या रानात माकडं मेलेली आढळली असतील तर जागा बदला. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पालापाचोळ्यावर बसणं नको. संध्याकाळी काखा, कमरेची पट्टी, गुडघ्यांमागची बाजू आणि कानांच्या मागे गोचीड तपासायला लावा, मुलींची तपासणी बाईंनी करावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, चिरडायचा नाही. परतल्यावर प्रत्येक पालकाला एक चिठ्ठी द्या : पंधरा दिवसांत ताप आला, तर मूल कोणत्या गावच्या रानात आणि कोणत्या तारखांना राहिलं होतं, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.